वास्तुरचनेची संगणकीय साधने

वास्तुरचनेची संगणकीय साधने म्हणजे इमारतीचा आकार, क्षेत्रफळ, भार, प्रकाश, वारा आणि नियमपालन यांचा विचार आकडेमोडीच्या आधारे करता यावा यासाठी वास्तुविशारद वापरतात त्या संगणक आज्ञावली होत. यांपैकी पुष्कळ साधने एखाद्या वास्तुविशारदाच्या कार्यालयात किंवा विद्यापीठातील संशोधनात, एका विशिष्ट इमारतीची अडचण सोडविण्यासाठी जन्माला येतात. असे साधन लिहिणाऱ्याच्या हाती उत्तम चालते. मात्र अनोळखी व्यक्तीच्या हाती, वेगळ्या भूखंडावर आणि लेखकाच्या अनुपस्थितीत ते तितक्याच भरवशाने चालावे यासाठी त्याचे सॉफ्टवेअर उत्पादनात रूपांतर करावे लागते. लेखकाने मनात गृहीत धरलेल्या गोष्टी उघड करणे आणि साधनाच्या मर्यादा वापरणाऱ्याला स्पष्ट सांगणे, हा या रूपांतराचा गाभा मानला जातो. महाराष्ट्रात या विषयाची दोन ठळक उदाहरणे आढळतात : कोपरगाव येथील विटांच्या कमानी छताचे ग्रंथालय आणि बांधकाम नकाशांची संगणकीय तपासणी.

प्रकार

या साधनांचे स्थूलमानाने चार प्रकार पडतात.

आरेखन साधने : यांत नकाशा रेषांनी काढला जातो. संगणकाच्या दृष्टीने रेषा ही केवळ रेषा असते. ती भिंत आहे की कुंपण, हे त्याला ठाऊक नसते.

इमारत माहिती प्रतिमान : यात भिंत ही भिंत म्हणूनच नोंदली जाते. तिची जाडी, उंची व साहित्य तिच्यासोबत साठवले जाते. त्यामुळे नकाशा, छेद आणि साहित्याचे परिमाण एकाच नोंदीतून मिळते.

प्राचलिक साधने : प्राचल म्हणजे बदलता ठेवलेला आकडा. या साधनांत आकारापेक्षा आकारांमधील संबंध नोंदविला जातो. उदाहरणार्थ, मजल्याची उंची ३,००० मिलिमीटर आणि पायरीची उंची १५० मिलिमीटर असल्यास जिन्याला २० चढाव लागतात. मजल्याची उंची ३,१५० मिलिमीटर केल्यास जिना आपोआप २१ चढावांचा होतो.

तपासणी साधने : ही साधने तयार नकाशा घेऊन तो नियमांशी, भाराशी किंवा हवामानाशी पडताळून पाहतात.

इतिहास

इव्हान सदरलँड यांनी १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत सादर केलेला 'स्केचपॅड' हा संगणकीय आरेखनाचा आरंभ समजला जातो. पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढणे आणि दोन रेषांमध्ये समांतरतेसारखे बंधन घालणे त्यात शक्य होते.

याच सुमारास ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी रचनेतील गरजांची गणिती विभागणी करण्याचा प्रयत्न केला. 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' (१९६४) या त्यांच्या ग्रंथातील सविस्तर उदाहरण सहाशे वस्तीच्या एका भारतीय खेड्याचे आहे. खेड्याच्या १४१ गरजा मांडून, कोणती गरज कोणत्या गरजेशी निगडित आहे याची नोंद करून संगणकाच्या साहाय्याने त्यांचे गट पाडण्यात आले होते. पुढे वाचकांनी रचनेपेक्षा पद्धतीलाच अधिक महत्त्व दिले. १९७१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वतः अलेक्झांडर यांनी, पद्धतीचा अभ्यास प्रत्यक्ष रचनेपासून वेगळा काढण्याच्या कल्पनेला विरोध दर्शविला. साधन लेखकाच्या हातून सुटले की त्याचा हेतू बदलू शकतो, याचे हे एक प्रारंभीचे उदाहरण आहे.

कार्यालयांतून बाजाराकडे

१९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये कार्यालयीन साधने विक्रीस आणण्याचे प्रयत्न झाले. केंब्रिज येथील अप्लाइड रिसर्च ऑफ केंब्रिज या संस्थेने ऑक्सफर्ड प्रादेशिक आरोग्य प्राधिकरणाच्या रुग्णालयांसाठी 'ऑक्सिस' ही प्रणाली तयार केली. ती त्या प्राधिकरणाच्या ठरावीक बांधकाम पद्धतीशी बांधलेली होती. इतरांना उपयोगी पडावी म्हणून तिच्यातील विशिष्ट नियम बाजूला काढून 'बिल्डिंग डिझाइन सिस्टिम' ही सर्वसाधारण प्रणाली घडविण्यात आली. लिव्हरपूल विद्यापीठात शिकलेल्या जॉन डेव्हिसन व जॉन वॉट्स यांची 'रुकॅप्स' ही प्रणाली गॉलिन्स मेल्विन वॉर्ड या वास्तुविशारद संस्थेच्या सहकार्याने बाजारात आली.

अमेरिकेत स्किडमोर, ओविंग्ज अँड मेरिल या संस्थेने स्वतःच्या कामासाठी विकसित केलेली प्रणाली १९८० च्या दशकात आयबीएमने विक्रीस आणली. ती दीर्घकाळ टिकली नाही. याउलट १९८२ मध्ये आलेले ऑटोडेस्क कंपनीचे 'ऑटोकॅड' वैयक्तिक संगणकावर चालत असे आणि कोणत्याही एका कार्यालयाच्या पद्धतीला बांधलेले नव्हते. ते जगभर रूढ झाले. चार्ल्स रिव्हर सॉफ्टवेअर या नावाने १९९७ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने 'रेव्हिट' २००० मध्ये बाजारात आणले. २००२ मध्ये ऑटोडेस्कने ती कंपनी सुमारे १३ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली.

वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या कार्यालयाने बिल्बाओ येथील गुगनहाइम संग्रहालयासाठी (१९९७) विमानबांधणीत वापरले जाणारे 'कॅटिया' हे सॉफ्टवेअर वापरले. या अनुभवातून २००२ मध्ये गेरी टेक्नॉलॉजीज ही स्वतंत्र कंपनी निघाली आणि तिने 'डिजिटल प्रोजेक्ट' हे उत्पादन तयार केले. ती कंपनी २०१४ मध्ये ट्रिंबलने विकत घेतली.

प्राचलिक साधनांचा प्रसार

डेव्हिड रटन यांनी रॉबर्ट मॅकनील अँड असोसिएट्स या कंपनीत २००७ मध्ये 'एक्सप्लिसिट हिस्ट्री' या नावाने एक साधन प्रसिद्ध केले. तेच पुढे 'ग्रासहॉपर' म्हणून ओळखले जाऊ लागले. यात आज्ञावली अक्षरांत न लिहिता पडद्यावरील खोकी तारांनी जोडून लिहिली जाते. त्यामुळे संगणकशास्त्र न शिकलेले वास्तुविशारदही स्वतःची साधने रचू लागले. २०१८ पासून ते 'राइनो' या सॉफ्टवेअरचा अंगभूत भाग झाले. ऊन, वारा व ऊर्जावापर यांच्या विश्लेषणाचा 'लेडीबग टूल्स' हा मुक्तस्रोत संच याच पायावर उभा राहिला.

सर्वच प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. गूगलच्या संशोधन विभागातून २०१२ मध्ये निघालेली 'फ्लक्स' ही कंपनी २०१८ मध्ये बंद पडली. नॉर्वेतील 'स्पेसमेकर' (स्थापना २०१६) मात्र २०२० मध्ये ऑटोडेस्कने २४ कोटी डॉलरना घेतली आणि तिच्या आधारे 'फॉर्मा' हे उत्पादन तयार झाले.

साधनाचे उत्पादनात रूपांतर

कार्यालयीन साधन व उत्पादन यांतील फरक बहुधा मूळ गणितात नसतो. तो गणिताच्या आधी आणि नंतर घडणाऱ्या गोष्टींत असतो.

गृहीतके उघड करणे

लेखकाला ठाऊक असते की आपल्या नकाशात माप मिलिमीटरमध्ये आहे, प्रत्येक भूखंडाची हद्द बंद आकृती आहे आणि उत्तर दिशा वर आहे. आज्ञावलीत हे कोठेही लिहिलेले नसते. दुसऱ्याने मीटरमधील नकाशा दिल्यास लांबी हजारपट आणि क्षेत्रफळ दहा लाखपट चुकते. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. लहान चूक लपून राहते, म्हणून ती अधिक घातक ठरते.

महाराष्ट्रातील जमीनमापन हे अशा लहान चुकीचे चांगले उदाहरण आहे. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर व चौरस मीटर असे लिहिले जाते, तर बोलण्यात गुंठा वापरला जातो. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. व्यवहारात दोन्ही एकच समजले जातात. परंतु २० गुंठ्यांत हा फरक २३ चौरस मीटरांहून अधिक होतो. तसेच '०.१२.०५' ही नोंद १२ आर ५ चौरस मीटर, म्हणजे १,२०५ चौरस मीटर दर्शविते. शून्य गाळून ती '०.१२.५' अशी लिहिली गेली आणि साधनाने तिला दशांश अपूर्णांक समजले, तर क्षेत्र १,२५० चौरस मीटर होते. कार्यालयातील अनुभवी व्यक्ती अशी नोंद पाहताच थांबते. उत्पादनात हे थांबणे आज्ञावलीत लिहावे लागते.

चुकीच्या माहितीस नकार

हद्दीची रेषा एका कोपऱ्यात जुळलेली नसेल, तर काही साधने पहिला व शेवटचा बिंदू मनानेच जोडून क्षेत्रफळ देतात. चांगले उत्पादन अशा वेळी उत्तर न देता जेथे रेषा तुटली आहे ती जागा दाखविते. उत्तर देण्याइतकेच उत्तर नाकारणे हे उपयुक्ततेचे लक्षण मानले जाते.

भाषा व मांडणी

मूळ साधनात वीस प्राचले असली, तरी वापरणाऱ्याला त्यांपैकी तीनचारच बदलावी लागतात. उरलेली कोणी, कोणत्या आधारावर ठरविली, हे त्याला पाहता येणे आवश्यक असते. ती पूर्णपणे लपविल्यास साधन सोपे होते, पण तपासता येत नाही. सगळी उघडी ठेवल्यास तपासता येते, पण वापरणे अवघड होते.

आवृत्ती व देखभाल

ज्या सॉफ्टवेअरवर साधन चालते ते बदलते, नियमावली बदलते आणि लेखकही नोकरी बदलतो. म्हणून जुन्या नकाशांचे जुने निकाल जपून ठेवून, प्रत्येक नव्या आवृत्तीत तेच निकाल मिळतात का, हे पडताळून पाहिले जाते. अशी व्यवस्था नसलेली कार्यालयीन साधने लेखकाबरोबरच निरुपयोगी होतात.

महाराष्ट्रातील उदाहरणे

कोपरगाव येथील ग्रंथालय

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील कोपरगाव येथे शारदा शाळेच्या आवारात माया सोमय्या ग्रंथालय आहे. मुंबईतील वास्तुविशारद समीप पडोरा यांच्या कार्यालयाने त्याची रचना केली असून ते २०१८ मध्ये पूर्ण झाले. त्याचे छत पातळ विटांच्या थरांचे, जमिनीपासून उठून पुन्हा जमिनीला टेकणारे असून मुले त्यावरून चालू शकतात. स्पेनमधील कॅटलान कमानकामाची ही परंपरा आहे.

विटेला दाब सोसतो, ताण सोसत नाही. म्हणून छताचा आकार असा असावा लागतो की भार सर्वत्र दाबाच्या रूपानेच जमिनीपर्यंत पोहोचेल. हा आकार शोधण्यासाठी 'राइनोव्हॉल्ट' हे साधन वापरण्यात आले. त्याचे मूळ फिलिप ब्लॉक यांनी २००९ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत पूर्ण केलेल्या डॉक्टरेटच्या संशोधनात आहे. पुढे झुरिक येथील ईटीएच या संस्थेत मॅथियास रिपमन, लोरेन्झ लाखाउअर व ब्लॉक यांनी त्याला राइनोमध्ये चालणाऱ्या साधनाचे रूप दिले. ते २०१२ च्या सुमारास विनामूल्य उपलब्ध झाले.

या साधनात दोन आकृत्या शेजारी दिसतात. पहिलीत छताच्या आराखड्यातील बलमार्गांचे जाळे असते, तर दुसरीत त्या बलांचे प्रमाण रेषांच्या लांबीने दाखविलेले असते. दोन्हींतील संबंधित रेषा समांतर झाल्या की आडव्या दिशेतील समतोल साधतो. त्यानंतर प्रत्येक बिंदूची उंची काढली जाते. एखाद्या भागातील रेषा लांब केल्यास तेथे अधिक बल जाते, हे वापरणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. प्रबंधातील समीकरणे न सोडविताही त्यांचा अर्थ समजावा, अशी ही मांडणी आहे. संशोधकांच्या प्रयोगशाळेतील पद्धत काही वर्षांत कोपरगावच्या शाळेपर्यंत पोहोचण्यात या रूपांतराचा मोठा वाटा आहे. तथापि साधन केवळ समतोलाचा आकार सुचविते; विटेचा दर्जा, पाया व प्रत्यक्ष काम यांची तपासणी अभियंता व कारागीर यांनाच करावी लागते.

नकाशांची संगणकीय तपासणी

बांधकाम परवानगीसाठी सादर होणारा नकाशा विकास नियंत्रण नियमावलीशी ताडून पाहणे हे नगररचना विभागाचे काम आहे. पुण्यातील सॉफ्टटेक इंजिनिअर्स (स्थापना १९९६) या कंपनीचे 'ऑटोडीसीआर' हे साधन या कामासाठी वापरले जाते. पुणे व बृहन्मुंबई महानगरपालिकांसह अनेक नागरी संस्थांनी त्याचा अवलंब केला. वास्तुविशारदाने नकाशा ठरावीक पद्धतीने तयार करावा यासाठी 'प्रीडीसीआर' हे सोबतचे साधन आहे.

अशा तपासणीत भूखंडाची हद्द, इमारतीची बाह्यरेषा, जिना, बाल्कनी, वाहनतळ इत्यादी घटक स्वतंत्र नावांच्या स्तरांवर काढावे लागतात, कारण रेषेचा अर्थ संगणकाला स्तराच्या नावावरूनच कळतो. त्यानंतर चटई क्षेत्र निर्देशांक, सामासिक अंतरे, उंची, खोल्यांची किमान मापे यांची गणना होते. उदाहरणार्थ, ३०० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक १.१ असल्यास ३३० चौरस मीटर चटई क्षेत्र अनुज्ञेय ठरते. एखादी खोली चुकीच्या स्तरावर काढली गेल्यास ती गणनेतून सुटते आणि नियमभंग करणारा नकाशाही नियमानुसार दिसू शकतो.

पूर्वी महाराष्ट्रात निरनिराळ्या नियोजन प्राधिकरणांच्या नियमावली वेगवेगळ्या असल्याने प्रत्येकीसाठी साधन नव्याने जुळवावे लागत असे. राज्य शासनाने २ डिसेंबर २०२० रोजी एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. ती बृहन्मुंबई व काही विशिष्ट क्षेत्रे वगळता राज्यभर लागू आहे. त्यामुळे एकाच नियमसंचावर साधन चालविणे शक्य झाले. नियमावलीत नंतर फेरबदल होत राहत असल्याने, कोणत्या तारखेच्या प्रस्तावाला कोणता नियम लावला, ही नोंद ठेवणे साधनाला आवश्यक असते.

डोंगराळ भागातील मर्यादा

सपाट भूखंड गृहीत धरून घडविलेल्या साधनांची मर्यादा रायगड जिल्ह्याच्या महाड व पोलादपूर या तालुक्यांत स्पष्ट होते. पोलादपूर तालुक्यातील कुडपण हे सह्याद्रीतील डोंगराळ गाव आहे. अशा ठिकाणी पहिली अडचण मोजणीचीच येते. नकाशातील क्षेत्र आडव्या पातळीवरचे असते. ३० अंशांच्या उतारावर जमिनीला टेप लावून २० मीटर मोजल्यास नकाशावरील अंतर सुमारे १७.३ मीटरच भरते. टेपचे माप तसेच नकाशात घेतल्यास भूखंड खऱ्यापेक्षा मोठा आणि सामासिक अंतर खऱ्यापेक्षा अधिक दिसते.

दुसरी अडचण उताराच्या सरासरीची आहे. एकीकृत नियमावलीनुसार १:५ पेक्षा अधिक तीव्र उताराची डोंगराळ जागा बांधकामास पात्र ठरत नाही. समजा, १०० मीटर लांबीच्या जमिनीत एकूण चढ १५ मीटर आहे. सरासरी उतार सुमारे १:६.७ येतो आणि जागा योग्य वाटते. परंतु पहिल्या ८० मीटरांत ५ मीटर आणि उरलेल्या २० मीटरांत १० मीटर चढ असेल, तर शेवटच्या भागाचा उतार १:२ असतो. साधन किती अंतरावर सरासरी काढते, यावर निकाल अवलंबून राहतो. हे अंतर वापरणाऱ्याला दिसत नसेल, तर 'योग्य' या शेऱ्याचा अर्थ त्याला कळू शकत नाही.

तिसरी अडचण अधिक मूलभूत आहे. परवानगीच्या तपासणीचे एकक भूखंड हे असते, तर दरडीचे एकक संपूर्ण डोंगरउतार हे असते. धोका हद्दीबाहेरून, वरच्या बाजूने येतो. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने भूस्खलन संवेदनशीलतेचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर तयार केले आहेत. या प्रमाणात नकाशावरील एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ५० मीटर होतात. एखाद्या वाडीकडे लक्ष वेधण्यासाठी ते उपयुक्त आहेत. एका घराची सुरक्षितता ठरविण्यासाठी ते पुरेसे नाहीत. हा नकाशा साधनात जोडून घराच्या रेषेपर्यंत मोठा करून दाखविला, तरी मूळ माहितीची अचूकता वाढत नाही.

जबाबदारी व टीका

संगणकीय तपासणीमुळे गणना जलद व एकसारखी होते आणि त्याच नकाशाला दोन ठिकाणी दोन निकाल मिळण्याची शक्यता घटते, हा तिचा प्रमुख लाभ सांगितला जातो. तिच्यावरील मुख्य आक्षेप असा की, साधन तपासते तो नकाशा असतो, इमारत नव्हे. महाड शहरात २४ ऑगस्ट २०२० रोजी पाच मजली निवासी इमारत कोसळून १६ जणांचा मृत्यू झाला. काँक्रीटचा दर्जा, सळ्यांची मांडणी, पायाखालची जमीन आणि कामावरील देखरेख या बाबी परवानगीच्या द्विमितीय नकाशात दिसत नाहीत. त्यामुळे नकाशा नियमानुसार असल्याचा संगणकीय निकाल हा इमारत सुरक्षित असल्याचा दाखला ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की, नियमाचे वाक्य आज्ञावलीत उतरविताना त्याचा एक अर्थ निवडावा लागतो. ही निवड विकासक कंपनीच्या स्तरावर होते आणि पुढे हजारो प्रस्तावांना लागू पडते. म्हणून प्रत्येक निकालासोबत नियमाचा क्रमांक, वापरलेली मापे आणि न तपासलेल्या बाबींची यादी द्यावी, अशी अपेक्षा व्यक्त केली जाते. कायद्याने नकाशावरील स्वाक्षरीची जबाबदारी वास्तुविशारद व अभियंता यांचीच असते. ती निभावण्यासाठी साधनाने काय तपासले याइतकेच काय तपासले नाही, हेही त्यांना कळणे आवश्यक ठरते.

हेसुद्धा पाहा

वास्तुशास्त्र
संगणक-साहाय्यित आरेखन
चटई क्षेत्र निर्देशांक
नगररचना
भूस्खलन
पोलादपूर तालुका